डाग रंगाचा नसतो

चपलेचे दोन पट्टे एकाच चामड्यातून कापलेले, रंग एकाच बाटलीतला, फडकंही तेच. वाळल्यावर एक पट्टा विटकरी दिसतो आणि दुसरा जवळपास काळा. चामड्याचं काम शिकणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला हे येतं आणि पहिला राग रंगावर निघतो. मग रंगाची कंपनी बदलते, फडक्याऐवजी ब्रश येतो, एकाच्या जागी तीन हात दिले जातात आणि तरीही जमलं नाही की सगळ्यावर गडद तपकिरी फासून विषय संपवला जातो. बाजारात गडद मालच इतका जास्त का दिसतो, याचं एक कारण इथे आहे. गडद रंग चुका पोटात घालतो. माझं म्हणणं असं की रंगाची बाटली उघडेपर्यंत निकाल बराचसा लागून गेलेला असतो. तो जनावराच्या अंगावर, मिठाच्या थरात, चुन्याच्या कुंडीत आणि सालीच्या काढ्यात लागतो. रंग तो फक्त उघडा पाडतो. हे गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात मांडणं काहींना चमत्कारिक वाटेल. गोंदिया म्हटलं की धान, बिडी आणि तलाव आठवतात, चामडं नाही. पण चामडं कमावायला आणि रंगवायला जे लागतं त्यातलं बरंचसं इथल्या जंगलात उगवतं, आणि एकसारख्या रंगाचा प्रश्न मुळात त्या जंगलापाशी जाऊन थांबतो.

आधी कातड्याकडे पाहू. कापडाचा ताका सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच असतो. कातडं तसं कधीच नसतं. पाठीवर तंतू दाट, एकमेकांत घट्ट विणलेले. पोटाकडे तेच तंतू सैल आणि विरळ. मानेवर सुरकुत्या, आणि म्हशीच्या मानेवर तर त्या खोल असतात. सैल भाग पाणी पटकन पितो, म्हणून रंगही पटकन आणि जास्त पितो. एका पट्ट्याचं टोक पोटाकडे आणि दुसरा पट्टा पूर्ण पाठीचा असेल तर एकाच बाटलीतून दोन रंग निघणारच. शिवाय जनावराचं आयुष्य कातड्यावर उमटलेलं असतं. गोचिडाने जिथे तोंड घातलं तिथे वरच्या थरात बारीक खळगा राहतो. काटेरी कुंपणाचा भरलेला ओरखडा आसपासच्या कातड्यापेक्षा घट्ट असतो, तो रंग कमी घेतो आणि फिकट रेघ दिसते. न भरलेला ओरखडा जास्त घेतो आणि काळी रेघ दिसते. जनावर मेल्यावरचे पहिले काही तासही महत्त्वाचे. धानपट्ट्यातल्या दमट पावसाळ्यात कच्चं कातडं मिठाविना पडून राहिलं तर सडायला वेळ लागत नाही, आणि सडण्याचा फटका वरच्या नाजूक थरालाही बसतो. तो थर एकदा खरवडल्यासारखा झाला की पुढे कितीही उत्तम कमावलं तरी तिथे रंग ढगासारखा पसरतो. हे सगळं रंगवण्याआधी पाहता येतं आणि त्यासाठी कुठलंही यंत्र लागत नाही. चामड्यावर पाठ, पोट, मान अशा तीन जागी पाण्याचा एकेक थेंब सोडावा. पाठीवरचा थेंब काही वेळ मण्यासारखा उभा राहील, मग कडेने गडद वर्तुळ सोडत आत जाईल. पोटावरचा टेकताक्षणी नाहीसा होईल. आणि जिथे थेंब तसाच घरंगळून जातो तिथे तेल, मेण किंवा आधीचं पॉलिश आहे. तिथे रंग बसणार नाही. पुढे घडणार ते सगळं या तीन थेंबांत दिसून जातं.

आता कमावण्याकडे. कच्च्या कातड्याचं पक्कं चामडं होतं ते टॅनिनमुळे, आणि टॅनिन झाडाच्या सालीत, फळात, पानात असतं. कोल्हापूर भागात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली जोडी म्हणजे बाभळीची साल आणि हिरडा. कातडं पिशवीसारखं शिवून टांगायचं, त्यात साल, हिरडा आणि पाणी भरायचं आणि काढा हळूहळू झिरपू द्यायचा, ही तिथली जुनी रीत. या जोडीमागे रसायनाचं शहाणपण आहे. बाभळीच्या सालीतलं टॅनिन एका जातीचं: ते चामड्याला लालसर-तपकिरी झाक देतं आणि उजेडात आणखी गडद होत जातं. बाभळीने कमावलेल्या तुकड्यावर उन्हात एखादी वस्तू ठेवून विसरलं तर तिची सावली चामड्यावर छापली जाते. हिरड्याचं टॅनिन दुसऱ्या जातीचं: रंगाला फिकट पिवळसर, उजेडात बरंच टिकाऊ, आणि काढा मुरत ठेवला की त्यात आपोआप आंबटपणा आणणारं. एकाने घट्टपणा येतो, दुसऱ्याने उजळपणा. पण हिरड्याची एक खोड आहे. त्याच्या काढ्यातून पिवळट-करड्या भुकटीचा बारीक थर चामड्याच्या वरच्या बाजूवर जमतो. तळाच्या चामड्याला वजन आणि भरीवपणा देणारा म्हणून कमावणाऱ्यांना तो आवडतोही. रंगवणाऱ्याला मात्र तो नडतो, कारण तो सगळीकडे सारखा बसत नाही. जाड थर असेल तिथे रंग भुकटीवर बसतो आणि पुसताना भुकटीबरोबर निघून जातो. म्हणून रंगकामाच्या चामड्याला आधी ओलं करून ताठ ब्रशने घासून धुणं ही चैन नसून गरज आहे. वाळवणंही तितकंच नाजूक. उन्हात झपाट्याने वाळवलेल्या चामड्यात आतलं पाणी न बसलेलं टॅनिन घेऊन वर येतं आणि कडा, घड्या, उंचवटे काळपट पडतात. विदर्भातलं मे महिन्याचं ऊन यासाठी शत्रूच. चामडं सावलीत, वाऱ्याला, ओलसर असतानाच तेलाचा हलका हात देऊन वाळवायचं असतं.

हिरड्याच्या प्रतीबद्दलही बोलायला हवं, कारण एकसारखा काढा नसेल तर एकसारखं चामडं येत नाही. चांगल्या वाळलेल्या हिरड्यात साधारण तीस टक्क्यांच्या आगेमागे टॅनिन असतं, आणि ते जवळपास सगळं गरात. आठळीत जवळपास काहीच नाही. किडका, पावसात भिजून काळा पडलेला हिरडा मिसळला की काढा गढूळ आणि गडद होतो. ब्रिटिश काळात हिरडा परदेशी जात असे तेव्हा व्यापारात त्याच्या प्रती ठरलेल्या होत्या आणि त्यांची नावं बाजारगावांवरून पडलेली होती: जबलपूर, वेंगुर्ला, भिमलीपट्टणम. कुठल्या जंगलात कोणी वेचला याचा उल्लेख त्या नावांत कुठेही नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच गोंदियाहून सातपुड्यातून जबलपूरला छोटी रेल्वे गेली. वनोपज बाहेर न्यायला वाट होती. प्रत ठरवण्याचा अधिकार मात्र वाटेच्या दुसऱ्या टोकाला राहिला.

टॅनिन आणि लोखंड यांचं नातं हा या विषयातला सर्वांत मजेदार भाग, आणि सर्वांत जास्त माल बिघडवणाराही. हिरड्याच्या पाण्यात हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, पडलं की निळसर काळी शाई होते. आपल्याकडे लिहिण्याची शाई अशीच होत असे. चामड्यावर हेच घडतं. गंजका खिळा, लोखंडी बादली, रापी धार लावून तशीच ओल्या चामड्यावर ठेवलेली, एवढंच काय, मिठात मिसळलेला लोखंडाचा अंश, यातल्या कशानेही कमावलेल्या चामड्यावर निळा-काळा ठिपका पडतो. तो बऱ्याचदा लगेच दिसत नाही. रंगाचं पाणी लागलं की उमलतो, आणि दोष पुन्हा बाटलीला जातो. ऑक्झॅलिक आम्लाच्या पातळ पाण्याने असा डाग जातो, पण ते विषारी आहे आणि नंतर भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावं लागतं. म्हणजे गाडी पाण्यावर आली. जड पाण्यातला चुना टॅनिनलाही धरतो आणि रंगालाही. साका धरतो आणि चट्टे पडतात. ज्या विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात लोह आहे त्या पाण्यात फिकट चामडं रंगवायला घेणंच चूक. तलावांच्या या मुलखात मालगुजारी तलाव आणि बोड्या (लहान तळी) पावसाच्या पाण्यावर भरतात, आणि पावसाचं साठवलेलं पाणी साधारणतः भूजलापेक्षा मऊ असतं. नवेगावबांधसारखे मोठे तलाव कोहळी समाजाने बांधले ते धानासाठी. चामड्याचा विचार त्यात नव्हता, पण रंगकाम्याला हवं असतं ते पाणी हेच. हातमागाचं सूत रंगवणाऱ्यांना ही गोष्ट आधीपासून ठाऊक आहे. चामड्याच्या कामात ती फारशी बोलली जात नाही.

एवढं सगळं नीट झालं तरी प्रत्यक्ष रंगवण्यात चूक करायला जागा उरतेच. आम्लधर्मी रंग चामड्याला चिकटतो तो विद्युतभाराच्या ओढीने: चामडं जितकं आंबट तितकी ओढ जास्त. सालीने कमावलेलं चामडं मुळातच आंबट असतं, आणि टॅनिनने आधीच बऱ्याच जागा अडवलेल्या असतात. त्यामुळे रंगाचा पहिला थेंब जिथे पडेल तिथेच झडप घातल्यासारखा धरला जातो आणि शेजारची जागा कोरडी राहते. फडकं टेकल्याची गोल खूण उठते ती यामुळे. मग तिच्यावर दहा वेळा फडकं फिरवा, ती जात नाही. मोठ्या टॅनरीत यावर तोडगा जुना आहे: सुरुवातीला आंबटपणा कमी करून रंग सावकाश आत शिरू द्यायचा आणि शेवटी थोडं फॉर्मिक आम्ल घालून तो पक्का करायचा. घरगुती कामात तेवढं मोजमाप नसतं, पण तत्त्व तेच पाळता येतं. चामडं आधी सगळीकडून सारखं दमट करायचं, टपकणारं नाही, हाताला थंड लागेल इतपत. मग सैल पोट आणि घट्ट पाठ यांच्या पिण्याच्या वेगातला फरक कमी होतो. रंग पातळ करायचा आणि एका गडद हाताऐवजी चार फिकट हात द्यायचे, प्रत्येक हात आधीच्याला आडवा. स्पिरिटमधला रंग पटकन उडतो आणि जोडाच्या रेघा सोडतो; पाण्यातला सावकाश वाळतो, म्हणून नवशिक्याला तोच बरा. लहान वस्तू, म्हणजे किल्लीचा पट्टा, पाकीट, चपलेचा कान, सरळ बुडवून काढलेल्या उत्तम. पाणी कोमट असावं, गरम नको. सालीने कमावलेलं चामडं साधारण सत्तर-ऐंशी अंशांना आकसतं आणि त्याआधीच कडक होऊ लागतं. दाट रंग एकदम थापला तर वर तांब्यासारखी चकाकी येते, आणि नंतर तोच रंग पायमोज्याला लागतो. या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट कापण्याची आहे. जोडीचे दोन्ही पट्टे पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांना, समोरासमोर, एकाच दिशेने कापले तर उरलेला फरकही दोन्ही पायांत सारखाच येतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो व्यवहाराचा. एवढा खटाटोप कशाला? क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षाराने, कमावलेलं चामडं एका दिवसात तयार होतं, ड्रममध्ये आरपार सारखं रंगतं, आणि वर रंगद्रव्याचा पापुद्रा फवारला की डाग, ओरखडे, गोचिडाच्या खुणा सगळं गायब. आक्षेप खोटा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्रोमची रीत आली आणि आज जगातलं बहुतेक चामडं तसंच बनतं; दहा हजार सारख्या जोड्या हव्या असतील तर दुसरा मार्ग नाही. पण फवारलेला पापुद्रा म्हणजे चामड्यावर दिलेला ऑइलपेंट. वाकण्याच्या जागी तो तडकतो, तडकला की आतला मूळ रंग डोकावतो, आणि दुरुस्ती म्हणजे पुन्हा पापुद्रा. स्वस्त रंगांचीही किंमत असते. बेन्झिडीनसारखी कर्करोगकारक अमाइन सोडणारे अॅझो रंग भारतात 1997 साली बंद झाले, जर्मनीने त्याआधी बंद केले होते. क्रोमच्या बाबतीत युरोपने 2015 पासून त्वचेला लागणाऱ्या चामड्यातल्या सहासंयुजी क्रोमियमला किलोमागे 3 मिलिग्रॅमची मर्यादा घातली. सुट्या पुडीतून वजनावर विकत घेतलेल्या लाल किंवा काळ्या रंगात नेमकं काय आहे, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. हाताने बनवणाऱ्याने या बाजारात कारखान्याशी सारखेपणाची शर्यत लावणं म्हणजे हरण्यासाठी उतरणं. त्याच्या सारखेपणाची व्याख्या वेगळी हवी: जोडी जुळावी, डाग नसावा, आणि झीज होताना रंग सुंदर व्हावा.

दुसरा आक्षेप याच्या अगदी उलट बाजूने येतो आणि मला तो जास्त खटकतो. रंग सारखा नसणं हीच हस्तकलेची खूण, असं हल्ली प्रदर्शनांच्या माहितीपत्रकांत छापलेलं असतं. हे अर्धसत्य आळसाच्या मदतीला धावतं. पाठीच्या तंतूंमुळे आलेली हलकी छटा ही कातड्याची खूण. तेल न पुसल्यामुळे पडलेला चट्टा ही बनवणाऱ्याच्या घाईची. दोन्हींना एकच गोंडस नाव देणं हा चांगल्या कारागिरावर अन्याय आहे, कारण त्याने जो वेळ धुण्यात, घासण्यात, पट्टे जुळवण्यात घातला त्याची किंमत मग शून्य होते. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांना मिळून. जून 2025 मध्ये इटालियन फॅशन कंपनी प्राडाने मिलानच्या मंचावर तिच्यासारख्या चपला आणल्या, सुरुवातीला नावही न घेता, आणि इथे संताप उसळला. मग कंपनीने मूळ मान्य केलं. त्या सगळ्या गदारोळात श्रेयाची चर्चा खूप झाली, चामड्याची फारच थोडी. मानांकन नावाला संरक्षण देतं; एका जोडीतले दोन कान एकाच छटेचे येतात की नाही, हे ते पाहत नाही. कापशी धाटणीची कोल्हापुरी चप्पल हातात घेऊन उजव्या-डाव्या पायाचे कान उजेडात शेजारी धरून पाहणारं गिऱ्हाईक आजही आहे आणि ते मूर्ख नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत जड. सालीने कमावण्याची ही विद्या म्हणजे जातीने लादलेलं काम आहे; तिचं गुणगान करणं म्हणजे ज्यांना कुंडीच्या वासात पिढ्या काढाव्या लागल्या त्यांच्या जखमेवर मीठ चोळणं. या प्रश्नाची दोन उत्तरं दिली गेली. गांधीजींच्या प्रेरणेने 1930च्या दशकात वर्ध्याजवळ नालवाडीला चर्मालय चाललं, गोपाळराव वाळुंजकर यांनी ते उभं केलं, मेलेल्या जनावराचं कातडं नीट कमावून या कामाला प्रतिष्ठा द्यावी हा तिथला विचार. डॉ. आंबेडकरांनी 1927 मध्ये महाडला नेमकं उलट सांगितलं होतं: मेलेली जनावरं ओढणं सोडा. हेच आंबेडकर 1954 मध्ये भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा भंडाऱ्याचाच भाग होता, तो वेगळा झाला 1 मे 1999 रोजी. मला आंबेडकरांचं उत्तर पटतं, आणि त्यामुळेच वरचं सगळं लिहिण्याची गरज वाटते. सक्ती गेली पाहिजे यात वाद नाही. पण काढा किती दिवसांचा, हिरडा कोणत्या प्रतीचा, कातडं कुठून कापायचं, हे ज्ञान जातीच्या घरात कोंडलेलं आणि कागदावर न आलेलं राहिलं, तर सक्तीबरोबर तेही जाईल आणि नफा फवारणी करणाऱ्या कारखान्याला मिळेल. ज्याला हे काम करायचं त्याने ते शिकून, मोजून आणि पूर्ण मोबदल्यावर करावं. संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ 1974 पासून याच क्षेत्रासाठी आहे. कर्ज आणि विक्री यांच्या जोडीला हिरड्याची प्रत तपासणं, पाणी तपासणं, कातड्याच्या भागांप्रमाणे कापण्याचं शिक्षण देणं ही कामं तिथे बसू शकतात. 2015 मध्ये राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आल्यापासून कारागिराच्या हाती मुख्यतः म्हशीचं आणि शेळीचं कातडं उरलं आहे. म्हशीचा वरचा थर खरबरीत, मान सुरकुतलेली. म्हणजे नेमकं जे सारखं रंगवणं अवघड तेच आता जास्त वाट्याला येतं.

मग गोंदियाने काय करावं? इथे टॅनरी काढा असं मी म्हणणार नाही. सालीने कमावण्याचं सांडपाणी क्रोमइतकं विषारी नसलं तरी काळपट आणि प्राणवायू शोषून घेणारं असतं. ते एखाद्या बोडीत गेलं तर मासे मरतील, आणि त्या माशांवर ढीवर समाजाची चूल चालते. इथे जे आहे ते जंगल आहे. देवरी, सालेकसा, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांतल्या गौण वनोपजात हिरडा आहे, पळस आणि कुसुमावरची लाख आहे. लाखेतून लाल रंग निघतो, आपल्या अळत्याचा जुना उगम तोच, आणि लाखेचंच शेलॅक चामड्याला शेवटचा चमकदार हात द्यायला वापरतात. केंद्राच्या किमान आधारभूत किमतीच्या यादीत हिरडा आहे, आणि 2006च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्क मिळालेल्या ग्रामसभा तेंदूपत्ता स्वतः विकायला शिकल्या आहेत. हिरडा मात्र पोत्यात जसा वेचला तसा जातो: काळा, पिवळा, किडका, भरीव सगळा एकत्र. त्याला भाव मिळतो तो त्यातल्या सर्वांत वाईट फळाचा. वेचल्यावर सावलीत वाळवून, काळा आणि किडका वेगळा काढून, आठळी फोडून फक्त गर विकला तर कोल्हापूरच्या किंवा कर्नाटकातल्या अथणीच्या कमावणाऱ्याला दर पोत्यातून सारखाच काढा मिळेल आणि त्याच्या चामड्यावर सारखाच रंग. यात एक अडचण खरी आहे. दळलेला गर पावसाळ्यात ओल धरतो आणि बुरशी येते. आख्खा हिरडा कोरड्या जागी बराच काळ टिकतो. म्हणून साठा आख्ख्या, निवडलेल्या फळाचा ठेवावा लागेल आणि फोडणं-दळणं मागणी येईल तसं, शक्यतो पावसाळ्याआधी.